आफ्रिकी स्त्रियांचा जगप्रवास आणि संचारस्वातंत्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकी स्त्रियांच्या प्रवासाचा वेगळा विचार करण्याची गरज काय?

सीमा ओलांडू इच्छिणाऱ्या कोणालाही परक्या देशाची परवानगी लागते. ही अडचण आफ्रिकेतल्या पुरुषांनाही आहे आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या आपल्यालाही आहे. आफ्रिकेतल्या अनेक स्त्रियांना मात्र त्याआधी आणखी एक परवानगी मिळवावी लागत असे, आणि काही ठिकाणी ती आजही लागते : नवऱ्याची, वडिलांची, किंवा घरात जो कोणी पुरुष पालक ठरवला गेला असेल त्याची. या खंडात ५४ देश आहेत आणि सेशेल्समधील स्त्री व सोमालियातील स्त्री यांच्या प्रवासाच्या वाटेत समान असे फार थोडे आहे. म्हणून पुढील उत्तरांत शक्यतो विशिष्ट देश आणि विशिष्ट प्रसंग यांचाच आधार घेतला आहे. या स्त्रियांच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ होते. त्यांना अडवणाऱ्या कागदांची चर्चा त्या मानाने फारच कमी होते, आणि आमच्या मते खरा विषय त्या कागदांचाच आहे.

जगातील सर्व देश पाहणारी पहिली आफ्रिकी स्त्री कोण?

या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा जेसिका नाबोंगो यांचे नाव येते. युगांडातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म डेट्रॉइटमध्ये झाला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सेशेल्स गाठून त्यांनी १९५ देशांची यादी पूर्ण केली. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य देश आणि निरीक्षकाचा दर्जा असलेले व्हॅटिकन व पॅलेस्टाईन हे दोन, अशी ही मोजणी असते. सर्व देश पाहणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री हा मान आपला असल्याचे वोनी स्पॉट्स या अमेरिकी महिलेने आदल्याच वर्षी जाहीर केले होते आणि त्यावरून वादही झाला. त्या वादात आम्ही पडत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नाबोंगो यांच्याकडे युगांडाच्या पासपोर्टबरोबर अमेरिकेचाही पासपोर्ट होता. त्यांची जिद्द, त्यांनी पेललेला खर्च आणि अनेक विमानतळांवर एकट्या कृष्णवर्णीय स्त्रीला सोसाव्या लागणाऱ्या संशयाच्या नजरा यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण कंपालात जन्मलेल्या आणि केवळ युगांडाचाच पासपोर्ट असलेल्या स्त्रीने तीच यादी हाती घेतली, तर तिला कितीतरी अधिक वकिलातींच्या दारांत उभे राहावे लागेल, आणि ज्या देशांची वकिलात युगांडात नाही त्यांच्यासाठी आधी दुसऱ्या देशात जावे लागेल. एकाच गावाच्या, एकाच वयाच्या दोन बहिणींना केवळ पासपोर्टमुळे दोन निराळी जगे मिळतात.

अशी महत्त्वाकांक्षा अलीकडची आहे का?

नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या हे आपल्याकडे शाळेतच शिकवले जाते. त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे शिक्षिका असलेल्या शार्लोट मॅक्सेके एका आफ्रिकी गायकवृंदाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेल्या. पुढच्या दौऱ्यात हा वृंद अमेरिकेत पैशाअभावी अडकला. त्या संकटातून मार्ग काढून मॅक्सेके यांनी ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विज्ञानाच्या पदवीधर झाल्या. दक्षिण आफ्रिकेतील पहिली कृष्णवर्णीय महिला पदवीधर म्हणून त्यांची नोंद आहे. मायदेशी परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी स्त्रियांची संघटना उभारली, आणि त्या संघटनेचे एक मुख्य काम होते पासच्या सक्तीविरुद्ध लढण्याचे. जग पाहून आलेल्या स्त्रीला स्वतःच्याच देशातील रस्त्यावर परवाना दाखवण्याची सक्ती किती अपमानाची वाटली असेल, याची कल्पना यावरून करता येते.

पासची सक्ती म्हणजे नेमके काय होते? ती तर देशांतर्गत बाब होती ना?

होती, आणि म्हणूनच ती येथे सांगणे आवश्यक आहे, कारण संचारस्वातंत्र्याचा आरंभ विमानतळावर होत नाही. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय माणसाने कोणत्या शहरात राहावे, तेथे किती काळ थांबावे आणि कोणाकडे काम करावे हे त्याच्या खिशातील पासबुकावरून ठरत असे. ते जवळ नसले तर अटक होई. ही सक्ती प्रथम पुरुषांवर होती. स्त्रियांवर ती लादण्याचा प्रयत्न १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनच्या स्त्रियांनी पास नाकारून आणि तुरुंगवास पत्करून परतवला होता. वर्णद्वेषी राजवटीने १९५० च्या दशकात तो पुन्हा सुरू केला, तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियातील युनियन बिल्डिंग्ज या सरकारी मुख्यालयावर चालून गेल्या. लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स या चौघींनी नेतृत्व केले. हजारो सह्यांचे अर्ज पंतप्रधानांच्या दाराशी ठेवून त्या स्त्रिया अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या.

मोर्चाने कायदा बदलला नाही. १९६३ पासून स्त्रियांनाही पास सक्तीचा झाला आणि पासचे कायदे रद्द व्हायला १९८६ साल उजाडावे लागले. तरीही ९ ऑगस्ट हा दिवस आज तेथे राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो.

या मोर्चाच्या आदल्या वर्षीची एक हकीकत अधिक लोकांना ठाऊक असायला हवी. शिवणकामाच्या कारखान्यात राबणाऱ्या, विधवा असलेल्या लिलियन एन्गोयी यांना स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरणाऱ्या जागतिक माता परिषदेचे निमंत्रण आले. पासपोर्ट मिळणे शक्यच नव्हते. त्या आणि डोरा तमाना अशा दोघींनी केपटाऊनहून जहाजाने निसटण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर त्या विमानाने लंडनला पोहोचल्या आणि तेथून परिषदेला गेल्या. पुढे जर्मनी, सोव्हिएत संघ आणि चीन पाहून त्या परतल्या. आयुष्याची शेवटची बरीच वर्षे त्यांना सोवेटोतील ऑर्लँडो वस्तीत, बंदीहुकुमाखाली, म्हणजे वस्तीबाहेर जाण्याची मनाई असताना, काढावी लागली. जगप्रवासाच्या इतिहासात या प्रवासाचे नाव क्वचितच येते. आमच्या दृष्टीने त्याचे स्थान पहिल्या ओळीत आहे.

सरकारांनी पासपोर्टचा शिक्षेसारखा वापर केला आहे का?

अनेकदा केला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबा १९५९ मध्ये देशाबाहेर पडल्या. पुढच्या वर्षी आईच्या निधनानंतर त्यांनी परत जाऊ पाहिले तेव्हा आपला पासपोर्ट रद्द झाल्याचे त्यांना कळले. संयुक्त राष्ट्रांपुढे १९६३ मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष दिल्यावर त्यांचे नागरिकत्वही गेले. त्यानंतर गिनीसह अनेक देशांनी त्यांना आपापले पासपोर्ट दिले आणि १९९० मध्ये, तीस वर्षांच्या वनवासानंतर, त्या फ्रान्सच्या पासपोर्टवर मायदेशी परतल्या.

नायजेरियातील स्त्री-चळवळीच्या नेत्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांनाही असाच अनुभव आला. चीन व पूर्व युरोपातील देशांत जाऊन आल्यावर, त्या स्त्रियांमध्ये साम्यवादी विचार पसरवतील या सबबीखाली त्यांच्या पासपोर्टचे नूतनीकरण नाकारले गेले, आणि अमेरिकेनेही त्यांना व्हिसा दिला नाही.

पासपोर्टसाठी नवऱ्याचे संमतिपत्र लागते, हे खरे आहे का?

नायजेरियात विवाहित स्त्रीकडून असे पत्र मागण्याची पद्धत होती. ती कोणत्या कायद्यात लिहिलेली होती असे विचारले, तर कशातच नव्हे. इमिग्रेशन खात्याने अंतर्गत धोरण म्हणून ती पाळली होती. पोर्ट हारकोर्ट येथील डॉ. प्रिये इयाला-अमादी यांच्याकडे असे पत्र मागण्यात आले तेव्हा त्यांनी ते आणून देण्याऐवजी खात्याला न्यायालयात खेचले. वस्तुतः त्यांचे पती, प्रसिद्ध कादंबरीकार एलेची अमादी, यांच्याकडून दोन ओळी लिहून घेऊन काम भागवणे मुळीच अवघड नव्हते. २००९ मध्ये संघराज्याच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की ही अट राज्यघटनेतील भेदभावविरोधी तरतुदीचा आणि मानवी हक्कांच्या आफ्रिकी सनदेचा भंग करते. पुरुषाकडे पत्नीचे पत्र मागितले जात नाही, मग प्रौढ स्त्रीकडे पतीचे का मागावे, इतका साधा हा मुद्दा होता.

इतर देशांतील चित्र एकसारखे नाही. सुदानमध्ये मुलांना घेऊन परदेशी जायचे तर आईला घरातील पुरुषाची परवानगी लागत असे. ही अट जुलै २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. लिबियाच्या पूर्व भागात याच्या उलट घडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथील लष्करी प्रशासकाने साठ वर्षांखालील स्त्रियांना पुरुष पालकाशिवाय परदेशी जाण्यास बंदी केली आणि प्रखर विरोध झाल्यावर काही दिवसांतच तो हुकूम बदलला. मिळालेले स्वातंत्र्य एका सहीनिशी परत घेता येते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

कायद्याच्या पातळीवर आधार भक्कम आहे. आफ्रिकी सनदेचे १२ वे कलम प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा देश सोडण्याचा आणि त्यात परतण्याचा हक्क देते, आणि २००३ मध्ये मापुतो येथे स्वीकारलेला, २००५ पासून अमलात आलेला स्त्रियांच्या हक्कांचा करार समानतेची हमी देतो. प्रश्न उरतो तो खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाचा, ज्याने ही कलमे वाचलेली नसतात.

स्त्रीच्या मुलांचा तिच्या प्रवासाशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. बोट्स्वानातील वकील युनिटी डाऊ यांनी एका अमेरिकी नागरिकाशी विवाह केला होता. त्यांचे पहिले मूल विवाहापूर्वी जन्मले म्हणून ते बोट्स्वानाचे नागरिक ठरले, तर १९८४ च्या नागरिकत्व कायद्यानंतर, विवाहबंधनात जन्मलेली दोन मुले परकी ठरली. ती आईच्या पासपोर्टवर प्रवास करू शकत नव्हती आणि आईच्याच देशात राहण्यासाठी त्यांना परवाना लागत होता. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने डाऊ यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे डाऊ बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश आणि नंतर परराष्ट्रमंत्रीही झाल्या. झांबियात एडिथ नवाक्वी यांनी मुलांची नावे आपल्या पासपोर्टवर घालताना वडिलांची संमती मागण्याच्या प्रथेला १९९१ मध्ये यशस्वी आव्हान दिले. झिंबाब्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले की परदेशी पतीला देशात राहू न देणे म्हणजे पत्नीच्याच संचारस्वातंत्र्यावर घाला आहे. असे असूनही सोमालिया, एस्वातिनी आणि बुरुंडी यांच्या कायद्यांत मुलांना नागरिकत्व देण्याबाबत आईला वडिलांच्या बरोबरीचे स्थान नाही.

युरोपचा व्हिसा मिळवणे इतके अवघड का जाते?

युरोपातील बहुतेक देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज फेटाळला गेला तरी ते परत मिळत नाही. आफ्रिकेतील अनेक देशांच्या अर्जांत नकाराचे प्रमाण जागतिक सरासरीहून बरेच अधिक असते. नकाराचे नेहमीचे कारण असे दिले जाते की अर्जदार मुदत संपण्यापूर्वी परत जाईल याची खात्री वाटत नाही. ही खात्री पटवण्यासाठी नोकरी, बँकेतील शिल्लक, स्थावर मालमत्ता, कौटुंबिक जबाबदाऱ्या असे पुरावे मागितले जातात. नियमांच्या शब्दांत स्त्री-पुरुष भेद कोठेही नाही, पण जेथे जमीन व घर प्रायः पुरुषांच्या नावावर असते आणि स्त्रियांचा व्यवसाय बाजारातल्या रोख उलाढालीवर चालतो, तेथे स्त्रीची फाइल पातळच राहते. अविवाहित तरुणीवर संशय, आणि विवाहित स्त्री एकटी निघाली तरीही संशय, असा दुहेरी फास तिच्याभोवती असतो.

केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागू शकतो हे अनेकांना ठाऊक नसते. नायजेरिया, घाना, इथिओपिया, एरिट्रिया, सोमालिया आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या नागरिकांना, काही अपवाद वगळता, शेंगेन विमानतळाच्या आत थांबण्यासाठीसुद्धा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. शिवाय सरकारांमधील भांडणाची झळ नागरिकांना बसते ती निराळीच : गांबियाचे सरकार परत पाठवलेल्या नागरिकांना स्वीकारण्यात पुरेसे सहकार्य करत नाही असे कारण देऊन युरोपीय संघाने २०२२ च्या अखेरीस तेथील अर्जदारांचे शुल्क १२० युरो केले होते.

यातून वाट काढण्याचा एक नियमसिद्ध मार्ग आहे. आधीचे व्हिसा नियमानुसार वापरून वेळेवर परतल्याची नोंद असेल, तर क्रमाक्रमाने एक, दोन आणि पाच वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मागता येतो. म्हणून जुने पासपोर्ट आणि त्यांवरील शिक्के जपून ठेवावेत, आणि नकार मिळाल्यास लेखी कारण वाचून अपील करावे. अपिलाचा हक्क नियमातच आहे. तो वापरणारे फार थोडे असतात. भारतीय अर्जदारांसाठी हाच क्रम एप्रिल २०२४ मध्ये अधिक सोपा करण्यात आला. तशी सवलत आफ्रिकी अर्जदारांनाही मिळायला हवी, असे म्हणणे आम्हांला न्यायाचे वाटते.

निदान आफ्रिकेच्या आत तरी मोकळेपणाने फिरता येते का?

काही भागांत येते. पश्चिम आफ्रिकेतील देशांच्या इकोवास या संघटनेने १९७९ मध्येच करार करून सदस्य देशांच्या नागरिकांना ९० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा दिली. बुर्किना फासो, माली आणि नायजर हे तीन देश जानेवारी २०२५ मध्ये संघटनेतून बाहेर पडले. पूर्वेकडे केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशांत राष्ट्रीय ओळखपत्रावर जाता येते. बेनिन, सेशेल्स, गांबिया आणि रवांडा यांनी सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे. घानानेही जानेवारी २०२५ मध्ये तसे जाहीर केले.

संपूर्ण खंडासाठीचा मुक्त संचाराचा करार आफ्रिकी संघाने जानेवारी २०१८ मध्ये स्वीकारला. तो अमलात येण्यासाठी १५ देशांचे अनुमोदन हवे. पहिल्या सहा वर्षांत ते केवळ माली, नायजर, रवांडा आणि साओ तोमे व प्रिन्सिपे या चौघांनी दिले. त्याच वर्षी झालेल्या मुक्त व्यापाराच्या कराराला मात्र भराभर मान्यता मिळाली. मालाला वाट द्यायला सरकारे तयार आहेत, तो माल विकणाऱ्या बाईला वाट द्यायला नाहीत.

हा सगळा सुखवस्तू स्त्रियांचा छंद नव्हे काय?

आफ्रिकेत सर्वाधिक वेळा सीमा ओलांडणाऱ्या स्त्रिया पर्यटक नसतात, व्यापारी असतात. रवांडातील गिसेनी आणि काँगोतील गोमा या जोडशहरांमधील नाक्यावरून टोमॅटो, पीठ, कोंबड्या, कपडे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या हजारो लोकांमध्ये स्त्रियांचीच संख्या मोठी असते. त्यांना रोज जे सोसावे लागते त्यात मनमानी वसुली, माल जप्त होण्याची भीती आणि गणवेशधारी पुरुषांची छेडछाड या गोष्टी आहेत. छोट्या व्यापाऱ्यांसाठी पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील देशांच्या कोमेसा या व्यापार संघटनेने सोपी जकात पद्धत आणली. ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या, यादीतील मालाला तीत एका साध्या अर्जावर सवलत मिळते. ही यादी नाक्यावर ठळकपणे लावलेली असली की लाच मागणे अवघड होते, म्हणून अशा किरकोळ वाटणाऱ्या सुधारणांना आम्ही मोठे महत्त्व देतो. टोगोतील लोमे शहराच्या नाना बेन्झ या कापडव्यापारी स्त्रियांनी तर रंगीत छापील कापडाच्या व्यापारातून इतकी संपत्ती मिळवली की त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरूनच त्यांना हे नाव पडले.

आखाती देशांत घरकामासाठी जाणाऱ्या इथिओपिया, केनिया आणि युगांडाच्या तरुणींचा प्रवास या सर्वांत कठीण आहे, कारण तेथे पोहोचताच मालक पासपोर्ट काढून घेतात अशा तक्रारी सातत्याने येतात. छळाच्या बातम्यांनंतर इथिओपियाने २०१३ मध्ये अशा नोकऱ्यांवर बंदीच घातली आणि ती काही वर्षांनी उठवली. बंदीने जाणे थांबत नाही. दलालांच्या चोरवाटा तेवढ्या वाढतात.

एकटीने लांबचा प्रवास करणाऱ्या आजच्या स्त्रियांची काही उदाहरणे आहेत का?

पेलुमी नुबी या नायजेरियन वंशाच्या ब्रिटिश तरुणीने २०२४ च्या जानेवारीअखेर लंडन सोडले आणि जांभळ्या रंगाच्या छोट्या पूजो मोटारीने फ्रान्स, स्पेन, मोरोक्को अशी मजल मारत ७ एप्रिलला लागोस गाठले. वाटेत कोत दिव्वारमध्ये मोटारीला अपघात झाला, तरी दुरुस्ती करून त्या पुढे निघाल्या. झांबियात जन्मलेल्या, दक्षिण आफ्रिकेच्या साराय खुमालो यांनी मे २०१९ मध्ये एव्हरेस्ट सर केले आणि तेथे पोहोचणारी पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्री होण्याचा मान मिळवला. हिमकडा कोसळल्यामुळे २०१४ मध्ये आणि भूकंपामुळे २०१५ मध्ये त्यांना मागे फिरावे लागले होते, आणि २०१७ चा प्रयत्नही शिखरापासून फार दूर नसताना सोडावा लागला होता.

महाराष्ट्रात येणाऱ्या आफ्रिकी स्त्रियांना कोणते नियम पाळावे लागतात?

पुण्यातील महाविद्यालयांत अनेक वर्षांपासून आफ्रिकी विद्यार्थिनी शिकत आहेत. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करायची असते आणि हे काम आता ऑनलाइन होते. घर किंवा खोली देणाऱ्यानेही ठरलेला अर्ज भरून २४ तासांत माहिती द्यायची असते. हा अर्ज अगदी साधा असूनही तो टाळण्यासाठी किंवा नुसत्या पूर्वग्रहापोटी खोली नाकारणारे घरमालक आपल्याकडे आहेत. खोली नाही म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून नोंदणी अडते. असे घडले तर विद्यार्थिनीने वाट न पाहता महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडे जाऊन वसतिगृहाचा तात्पुरता पत्ता मागून घ्यावा. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून येताना लसीकरणाचे पिवळे कार्ड सोबत असणे बंधनकारक आहे. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, २०१६ पासून ते प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जाते, आणि ते नसल्यास विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.